जुना विंडसर्फिंग बोर्ड कसा पारखावा

१९८२ साली दिल्लीच्या एशियाडमधील शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगला प्रथमच स्थान मिळाले, आणि त्या सुमारास अथवा त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत कुलाब्याला, गोव्याला किंवा सैन्यदलांच्या एखाद्या जलक्रीडा केंद्रात ज्यांनी हा खेळ आत्मसात केला, ती मंडळी आता पन्नाशी-साठीला येऊन पोहोचली आहेत. मध्यंतरी नोकरी, संसार, घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे यांनी त्यांना पाण्यापासून दूर ठेवले. त्यांपैकी काहींनी वाशीसारख्या, सिडकोने खाडीच्या काठी वसविलेल्या नगरात बिऱ्हाड केले. आणि आता निवृत्तीमुळे म्हणा, मुले मार्गी लागल्यामुळे म्हणा, किंवा २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत इबाद अलीने विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळविल्याचे वृत्त वाचून म्हणा, पुन्हा एकदा शीड हाती धरावे अशी इच्छा त्यांच्या मनात बळावू लागली आहे. नवा बोर्ड बहुधा परदेशातून मागवावा लागतो; त्यावर वाहतुकीचा खर्च आणि जकात चढली म्हणजे मूळ किंमत कोठच्या कोठे जाते; म्हणून जुना बोर्ड घेण्याचा विचार सुज्ञपणाचाच आहे. प्रस्तुत लेख अशा परतणाऱ्या ग्राहकासाठी आहे.

आरंभीच एक इशारा द्यावासा वाटतो. जुन्या वस्तूच्या व्यवहारात विक्रेत्यापासून सावध राहावे, हे सर्वजण जाणतात. परंतु या विशिष्ट व्यवहारात त्याहूनही अधिक सावध राहावे ते आपल्या स्मृतीपासून. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या बोर्डावर आपण लीलया वळत होतो, तोच किंवा त्याच जातीचा बोर्ड समोर आला की मनुष्याचे मन विरघळते, आणि मधल्या काळात आपले वजन वाढले आहे, गुडघे कुरकुरू लागले आहेत, सराव सुटला आहे, या गोष्टींची नोंद घेण्याचे भान राहत नाही. यास्तव निर्णयाचा एक क्रम आधीच बांधून घ्यावा: प्रथम पाणी, मग वारा, मग स्वतःचे शरीर, आणि या तिन्हींचा निवाडा झाल्यानंतर बोर्ड. बहुसंख्य लोक हा क्रम उलटा चालवितात आणि बोर्ड घरात आल्यावर त्याला साजेसे पाणी शोधीत हिंडतात.

आधी पाणी आणि वारा

वाशीकराने मनाशी निश्चित करावयाची पहिली गोष्ट ही, की बोर्ड वाशीच्या घरात राहिला तरी तो वाशीच्या खाडीत उतरावयाचा नाही. सागर विहारच्या कठड्याशी उभे राहून भरतीच्या वेळी पाहिले तर खाडी विस्तीर्ण आणि मोहक दिसते; परंतु ओहोटी लागताच दोन्ही काठांवर चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात, आणि अशा चिखलात पाय रुतलेला मनुष्य शीड आणि बोर्ड घेऊन काठावर येणे दुरापास्त होते. भरती-ओहोटीचा ओघ पुलांच्या खांबांमधून जोराने वाहतो, कोळी बांधवांची जाळी आणि खुंट ठिकठिकाणी असतात, पाण्याच्या स्वच्छतेविषयी न बोललेलेच बरे, आणि या सर्वांवर कळस म्हणजे ऐरोली आणि वाशी या पुलांच्या दरम्यानचा पश्चिमेकडील पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित आहे व ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा प्राप्त झाला आहे. पक्ष्यांच्या त्या वतनात शीड फडकावीत जाणे कायद्यासही मान्य नाही आणि सद्‍भिरुचीसही.

तेव्हा वाशीकराचे पाणी म्हणजे मुख्यतः अलिबागकडचा किनारा. पनवेल, पेण, वडखळ या मार्गाने मोटारीने जाता येते, किंवा २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या, मोटार पोटात घेणाऱ्या रो-रो बोटीनेही जाता येते. मात्र टपावर बोर्ड बांधलेली मोटार घ्यावयाची असल्यास उंचीविषयी आधी चौकशी करून ठेवावी. किहीम, वरसोली, अलिबाग, नागाव हे किनारे पश्चिमाभिमुख आहेत, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण ऑक्टोबर ते मे या काळात पहाटे आणि सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तर दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात. खारा वारा अशा किनाऱ्यावर तिरकस येतो, त्यामुळे काही मोडले, काही तुटले, तरी तो आपल्याला पुनश्च वाळूकडेच ढकलतो. मतलई वारा मात्र दमलेल्या माणसाला निमूटपणे खोल समुद्राकडे घेऊन जातो. सकाळचा सपाट, शांत समुद्र परतणाऱ्याला भुलवितो, पण त्याची खरी वेळ दुपारचीच.

भरतीचाही हिशेब हवा. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येते आणि पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाण्याची हालचाल मंदावते. ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात माणसे पायी चालत जातात आणि भरतीत त्याच वाटेवर होडी लागते, यावरून या चढ-उताराचा अंदाज यावा. पहिले काही दिवस पंचांग पाहून भांगाचेच निवडावेत. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते, आणि जे पाणी जन्मभर समुद्रावर काढलेले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत वर्ज्य मानतात, ते आपणही मानावे. पुण्याकडील धरणांचे जलाशय अनेकांना खुणावतात. तेथे लाटा नाहीत हे खरे, परंतु डोंगरांमुळे वारा झटक्याझटक्याने येतो आणि पाण्यात उतरण्यास जलसंपदा खात्याची परवानगी लागते.

या साऱ्याचा बोर्डाशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. संबंध असा, की आपल्या किनाऱ्यावर वर्षातील बहुतेक सुरक्षित दिवशी मिळणारा वारा मंद ते मध्यम, साधारणतः आठ ते पंधरा नॉटच्या दरम्यानचा असतो. जोरदार वाऱ्याच्या प्रदेशांसाठी घडविलेला, नव्वद लिटरांचा, चपळ असा छोटा बोर्ड येथे स्वस्तात मिळाला तरी तो घराच्या भिंतीचीच शोभा वाढवील.

शरीराचा हिशेब

बोर्डाचे आकारमान लिटरांत मोजतात आणि ते बहुधा बोर्डावरच, मास्टच्या खाचेजवळ किंवा शेपटीकडे छापलेले असते. पाण्याचा एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलो, एवढे एकच परिमाण लक्षात ठेवले म्हणजे पुढील गणित सोपे आहे. समजा, ग्राहकाचे वजन ८० किलो, बोर्डाचे १४ किलो, आणि शीड, मास्ट, बूम मिळून १० किलो. एकूण भार १०४ किलो झाला. म्हणजे १०४ लिटरांचा बोर्ड या गृहस्थाला घेऊन जेमतेम पाण्याच्या पातळीशी राहील. त्यावर उभे राहून, पाण्यात पडलेले शीड दोरीने वर ओढणे केवळ कसलेल्या माणसालाच साधेल. दीर्घ खंडानंतर परतणाऱ्याने या बेरजेवर आणखी पन्नास ते सत्तर लिटर शिलकीस ठेवावेत. म्हणजे आपल्या उदाहरणातील गृहस्थाने १६० लिटरांच्या आसपासचा, त्याहून थोडा मोठा मिळाला तर तोही, बोर्ड पाहावा. रुंदी ७५ ते ८५ सेंटिमीटर असावी. कारण स्थैर्य हे लांबीपेक्षा रुंदीतून अधिक येते, आणि गुडघ्यांना अभय हवे असेल तर स्थैर्यापुढे वेगाची मातब्बरी मानू नये.

शिडाच्या बाबतीत याच्या उलट न्याय लावावा. वारा मंद म्हणून मोठे शीड घ्यावे, हा तर्क तरुणपणी ठीक होता. परंतु पाण्याने भरलेले साडेसात चौरस मीटरांचे शीड वीस वेळा वर ओढले की कंबर ज्या शब्दांत आपली कैफियत मांडते, ते शब्द प्रत्येकाने ऐकलेच पाहिजेत असे नाही. प्रथम साडेपाच ते सहा चौरस मीटरांचे, हलके आणि दांड्यांची गर्दी नसलेले शीड पुरे; तोल आणि हात पूर्ववत झाले की मोठ्याचा विचार करावा.

कोणत्या पिढीचा बोर्ड?

कॅलिफोर्नियात होयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली ज्याच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्या मूळ विंडसर्फरपासून आजतागायत बोर्डाने इतकी रूपे पालटली आहेत, की 'जुना बोर्ड' या एकाच नावाखाली चार-पाच निरनिराळ्या वस्तू बाजारात येतात. त्यांची पारख आवश्यक आहे.

पहिली जात १९८० च्या दशकातील लांबलचक बोर्डांची: साडेतीन मीटरांहून अधिक लांब, जाड पॉलिएथिलीनचे कवच, आत फोम, मध्यभागी खाली सोडण्याचा डॅगरबोर्ड. हे बोर्ड दगडावर आपटले तरी सहसा फुटत नाहीत आणि मंद वाऱ्यात आजही उत्तम चालतात. परंतु ते जड असतात, आणि त्यांचे कवच एकदा चिरले की त्यावर कोणताही गोंद वा रेझिन धड चिकटत नाही, ते वितळवूनच जोडावे लागते. दरम्यान आत शिरलेले पाणी फोममध्ये मुरते आणि बोर्ड मणाचा होतो. असा बोर्ड कोरडा आणि अखंड असेल, आणि उचलण्यास दोन माणसे हाताशी असतील, तरच घ्यावा.

दुसरी जात १९९० च्या दशकातील: एकीकडे अरुंद, छोटे, जोरदार वाऱ्याचे बोर्ड, जे आपल्याला निरुपयोगी, आणि दुसरीकडे १९९६ ते २००४ या तीन ऑलिंपिकमध्ये वापरला गेलेला मिस्ट्रल वन डिझाइन. हा ३.७२ मीटर लांब आणि सुमारे ६३ सेंटिमीटर रुंद. चालविण्यास अत्यंत सुरेख, परंतु त्या रुंदीवर पुन्हा उभे राहण्यास शिकणे कष्टाचे, आणि ती लांबी इमारतीच्या जिन्यातून वळविणे त्याहून कष्टाचे.

तिसरी जात, आणि परतणाऱ्याच्या दृष्टीने सर्वोत्तम, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या रुंद बोर्डांची. लांबी अडीच ते पावणेतीन मीटर, रुंदी पाऊण मीटरहून अधिक, आकारमान १५० ते २०० लिटर, आणि मध्यभागी वर घेता येणारा डॅगरबोर्ड. एवढी लक्षणे एकत्र आढळली की त्या बोर्डावर मन बसवावे. डॅगरबोर्डाचे महत्त्व पुष्कळांना वाटते त्याहून मोठे आहे. मंद वाऱ्यात, ओहोटीच्या ओघाविरुद्ध, निघालो त्याच ठिकाणी परत येता येणे न येणे बहुधा त्यावर अवलंबून असते. तरुणांच्या स्पर्धांसाठी जगभर वापरला गेलेला टेक्नो २९३, म्हणजे २.९३ मीटर लांबीचा आणि सुमारे २०५ लिटरांचा बोर्ड, याच कुळातला असून आपल्याकडील संस्थांतही तो दिसतो. मुले मोठी झाली किंवा संस्थेने नवे साहित्य घेतले की तो विक्रीस निघण्याचा संभव असतो.

चौथी जात मोहात पाडणारी आहे. २००८ पासून टोकियोपर्यंत ऑलिंपिकमध्ये असलेला आरएस:एक्स २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी निवृत्त झाला आणि त्याच्या जागी पाण्याखालच्या पंखावर हवेत उचलला जाणारा आयक्यूफॉइल आला. स्पर्धेचा प्रकार बदलला की जुने बोर्ड एकाएकी बिनकामाचे ठरतात आणि स्वस्त होतात, ही या बाजाराची रीतच आहे. आरएस:एक्स ९३ सेंटिमीटर रुंद आहे, त्याला डॅगरबोर्ड आहे, त्यामुळे स्थैर्याविषयी तक्रार नाही. परंतु पुरुषांसाठी त्याचे मूळ शीड साडेनऊ चौरस मीटरांचे आहे, आणि ते हाताळणे हे कसलेल्या खेळाडूचे काम आहे. बोर्ड घ्यावा, शीड मात्र नम्रपणे नाकारावे, आणि लहान शीड स्वतंत्रपणे मिळवावे. फॉइलविषयी एवढेच सांगतो, की परतण्याच्या पहिल्या हंगामात त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि विक्रेत्याने आपल्या जुन्या बोर्डाला फॉइल लावीत असे अभिमानाने सांगितले, तर फिनची पेटी दुप्पट बारकाईने तपासावी, कारण फॉइलचा लांब दांडा त्या पेटीवर जो ताण आणतो तो सोसण्यासाठी साधे बोर्ड घडविलेलेच नसतात.

पाचवा पर्याय हवा भरून फुगविण्याच्या बोर्डाचा. वेग कमी, मास्टच्या पायाशी थोडी लवचीकता अधिक. परंतु घडी करून पिशवीत मावतो, ही गोष्ट वाशीच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्याला किती मोलाची आहे, हे सांगावयास नको. जुना घेताना तो पूर्ण दाबाने फुगवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी दाब मोजावा; आपल्या उन्हाने शिवणीवरील चिकट थर सुटू लागलेला असेल तर तो याच परीक्षेत उघडा पडतो.

प्रत्यक्ष पाहणी

बाजारात बैल घेताना शेतकरी त्याची झूल पाहत नाही, दात पाहतो. बोर्डाचेही तसेच आहे. रंग, चित्रे, वरवरचे ओरखडे यांना महत्त्व देऊ नये. बोर्ड भरपूर उजेडात, शक्यतो उन्हात, दोन उशांवर आडवा ठेवावा आणि पुढील क्रमाने पाहावा.

प्रथम वजन. सामान तोलण्याचा हुकाचा काटा सोबत न्यावा. निर्मात्याने दिलेल्या वजनापेक्षा पट्टे आणि फिन यांमुळे किलोभर अधिक भरले तर चिंता नाही. त्याहून दोन-तीन किलो अधिक भरले तर आत पाणी आहे, असेच समजावे. बोर्ड उभा करून हलवावा आणि कान देऊन ऐकावे.

दुसरे, पृष्ठभाग. जेथे पाय आणि टाचा पडतात, तेथे दोन्ही अंगठ्यांनी दाबीत जावे. निरोगी बोर्ड दबत नाही. दबून पुन्हा वर आला, किंवा बोटाच्या पेराने ठोकले असता इतरत्र टणत्कार आणि तेथे बोदा आवाज आला, तर कवच आतल्या फोमपासून सुटले आहे. हा दोष आपल्या हवामानात विशेष आढळतो, कारण गच्चीवर किंवा बंद मोटारीत तापलेल्या बोर्डातील हवा प्रसरण पावते आणि थर सुटतात. तळव्याएवढा सुटलेला भाग दुरुस्त होऊ शकतो. हातभर सुटलेला असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

तिसरे, नाक. तोल जाऊन मनुष्य पुढे फेकला गेला की मास्ट नाकावर आपटते. म्हणून बहुतेक जुन्या बोर्डांची नाके एकदा तरी फुटून जोडलेली असतात. त्यात वावगे काही नाही. पाहावयाचे ते एवढेच, की जोड घट्ट आहे का आणि त्याच्या कडेने केसासारखी चीर पसरते आहे का.

चौथे, ताण पडण्याच्या जागा: मास्टची खाच, पायपट्ट्यांचे स्क्रू, डॅगरबोर्डाची फट आणि फिनची पेटी. स्क्रू घट्ट बसतो की नुसताच फिरतो, हे प्रत्येक ठिकाणी पाहावे. फिन बसवून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवावी. पेटीच्या कडेला चीर उघडमीट करू लागली तर पाणी तेथूनच आत जाणार. पेटी कोणत्या प्रकारची आहे, टटल, डीप टटल, पॉवरबॉक्स की यूएस बॉक्स, हे लिहून घ्यावे. कारण एकीची फिन दुसरीत सहसा बसत नाही आणि फिन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. डॅगरबोर्ड पायाने वर-खाली करून पाहावा. वाळूने अडकणारा चालेल, मधोमध वाकलेला नको.

पाचवे, हवेचा स्क्रू. बहुतेक फोमच्या बोर्डांना आतील हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. तो उघडून त्याखालची रबरी कडी पाहावी. ती सुकून तडकली असेल तर नवी घालणे क्षुल्लक खर्चाचे काम आहे, पण स्क्रूभोवती ओलसर डाग किंवा क्षारांची पांढरी रेघ असेल तर आत पाण्याचे येणे-जाणे आहे. संशय असल्यास स्क्रू बंद करून बोर्ड थोडा वेळ उन्हात ठेवावा आणि संशयित जागांवर साबणाचे पाणी लावावे. तापलेली हवा जेथून सुटते तेथे बुडबुडे दिसतात. बोर्ड घाट चढवून वर नेताना हा स्क्रू सैल करावा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी आठवणीने घट्ट करावा. त्या आठवणीसाठी बूमला एखादी रंगीत फीत बांधून ठेवणे शहाणपणाचे.

शीड, मास्ट आणि बूम

बोर्ड दहा-पंधरा वर्षे सहज टिकतो, शीड तितके टिकत नाही. आणि पुष्कळदा विक्रेता सर्व सरंजाम एकत्र विकताना शिडाची किंमत त्यात गुपचूप मिळवितो. काचेसारख्या पारदर्शक मोनोफिल्मचे शीड उन्हाने पिवळसर आणि ठिसूळ होते. ते उजेडासमोर धरून बारीक चिरा शोधाव्यात, आणि कोपरा हळूच दुमडून तो कोरड्या पानासारखा कडकडतो का पाहावे. शिवणीचा दोरा नखाने खरवडून पाहावा. दोऱ्याची भुकटी झाली तर शीड पहिल्याच जोराच्या वाऱ्यात उसवेल. मास्टची बाही फाटली असल्यास ताडपत्री शिवणारा हुशार कारागीर ती नीट करून देऊ शकेल. मोनोफिल्म मात्र त्याच्या हाती देऊ नये.

शिडाच्या खालच्या कोपऱ्याशी मास्टची आणि बूमची लांबी तसेच शिफारस केलेल्या मास्टचा प्रकार छापलेला असतो. मास्टचे दोन मुख्य प्रकार, जाड आणि बारीक व्यासाचा. शिवाय प्रत्येकाची वाकण्याची ढब निराळी. भलत्या मास्टवर चढविलेले उत्तम शीडही पोटफुगीने आजारी दिसते. म्हणून शीड आणि मास्ट जोडीनेच घ्यावीत आणि विक्रेत्यासमोर पूर्ण उभारून पाहावीत. मास्टचे दोन तुकडे सपाट फरशीवर लोळवावेत, म्हणजे वाकडेपणा कळेल. जेथे बूम आवळली जाते तेथे कार्बनचे तंतू उसवले आहेत का, हे बोटाने नव्हे तर डोळ्यांनी पाहावे, कारण ते तंतू बोटात शिरतात. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: कार्बनची मास्ट वीजवाहक असते. उभारलेले शीड रस्त्यावरच्या तारांखालून नेऊ नये, आणि मे महिन्यात वळवाचे ढग दिसू लागताच पाण्याबाहेर यावे.

बूम दोन्ही बाजूंनी लांबवून-आखडून पाहावी. खाऱ्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या एकमेकींत घट्ट बसलेल्या असतील तर त्या सोडविणे पुष्कळदा अशक्य होते. पुढचे टोक दोरीने बांधण्याचे असेल तर ती फारच जुनी, आणि आधुनिक मास्टवर ती समाधान देणार नाही. शेवटी मास्ट आणि बोर्ड यांना जोडणारा रबरी सांधा. तो चांगला दिसला तरी नवाच घालावा, कारण रबराचे वय बाहेरून कळत नाही आणि किनाऱ्यापासून दूर हा सांधा तुटला तर शिडाचा काहीही उपयोग उरत नाही. शीड वर ओढण्याची दोरी, हार्नेसच्या दोऱ्या आणि इतर सर्व दोर यांनाही हाच नियम लागू करावा.

घर, वाहतूक, दुरुस्ती

खरेदीपूर्वी मोजपट्टी घेऊन स्वतःच्या इमारतीचा जिना मोजावा, ही सूचना हास्यास्पद वाटेल, परंतु २.९ मीटरांचा बोर्ड उद्वाहनात मावत नाही आणि सिडकोच्या जुन्या इमारतींचे जिने वळणावर अरुंद आहेत. गच्चीवर ठेवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. तेथील ऊन बोर्डाचे आयुष्य खाते. तळमजल्यावरील वाहनतळाच्या भिंतीला मऊ आधार ठोकून बोर्ड ठेवता आला तर उत्तम, मात्र त्यासाठी सोसायटीच्या कार्यकारिणीची लेखी संमती आधी घ्यावी. बोर्ड आल्यानंतर मागितलेली संमती बहुधा सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर जाते. मोटारीच्या टपावर बोर्ड खालची बाजू वर करून, खाली फोमचे जाड तुकडे घालून, साध्या बकलच्या पट्ट्यांनी बांधावा. दात्यांनी आवळले जाणारे पट्टे इतका ताण देतात, की बोर्डाची कड चेपते.

दुरुस्तीच्या बाबतीत वाशीकर भाग्यवान आहे, कारण तुर्भे-पावण्यापासून पुढे पसरलेल्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत फायबरग्लासचे काम करणारे कारखाने आहेत. परंतु येथे एक घातक गैरसमज संभवतो. टाक्या आणि छपरे बनविणारे कारागीर बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात, आणि त्यातील स्टायरीनचा स्पर्श होताच आधुनिक बोर्डातील पॉलिस्टायरीन फोम विरघळू लागतो. बोर्डाला फक्त इपॉक्सी रेझिनच लावावे, आणि लावण्यापूर्वी आतला ओलावा दिवसेंदिवस सावलीत पूर्णपणे सुकवावा. ही अट कारागिराला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावी.

व्यवहार

या वस्तूचा खुला बाजार आपल्याकडे नाही. व्यवहार ओळखीने चालतो. म्हणून मुंबईतील आणि गोव्यातील नौकानयन संस्था, तेथील प्रशिक्षक, किनाऱ्यांवरील जलक्रीडा शाळा आणि निवृत्त सैनिकी खेळाडू यांच्याकडे आपण कोणत्या मापाचा बोर्ड शोधीत आहोत, हे स्पष्ट आकड्यांत सांगून ठेवावे. खरेदीस एप्रिल-मे महिना अनुकूल. पावसाळ्यात बोर्ड कोठे ठेवावा या विवंचनेत मालक असतात, वाराही चांगला असतो, आणि प्रत्यक्ष पाण्यात परीक्षा घेता येते. पावसाळ्यात कोरड्या जमिनीवर पाहिलेल्या बोर्डासाठी केवळ इसार द्यावा आणि पाण्यावरच्या चाचणीनंतर उरलेली रक्कम चुकती करण्याची अट घालावी.

विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: बोर्ड शेवटचा पाण्यात केव्हा उतरला, तो कोठे ठेवलेला होता, आणि त्याची कोणती दुरुस्ती कोणी केली. उत्तरे सविस्तर येत असतील तर दोष असूनही तो बोर्ड घेण्यासारखा असतो. बोर्डावर एखाद्या संस्थेचा किंवा सरकारी खात्याचा क्रमांक, शिक्का वा खोडलेली अक्षरे दिसली, तर ती मालमत्ता रीतसर निर्लेखित होऊन अथवा लिलावात विकली गेल्याचा कागद मागावा. खेळाच्या प्रेमाने केलेली खरेदी पुढे पंचनाम्यात नमूद होऊ नये. व्यक्तीकडून घेतानाही वस्तूंचा तपशील, रक्कम, तारीख आणि सही असलेली पावती घ्यावी. परदेशातील आप्तांकरवी जुना बोर्ड पाठविण्याचा बेत असेल तर त्यांनी तो गुंडाळण्यापूर्वीच जकात खात्याचे नियम पाहून घ्यावेत, कारण वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत.

किंमत ठरविताना बोर्ड, मास्ट, बूम आणि शीड यांची किंमत वेगवेगळी विचारावी, म्हणजे नको असलेली वस्तू गळ्यात पडत नाही. हाती असलेल्या एकूण रकमेपैकी किमान चौथा हिस्सा राखून ठेवावा. त्यातून नवा सांधा, नवे दोर, उत्तम तरंगजाकीट आणि ओळखीच्या प्रशिक्षकाबरोबरचे दोन-तीन दिवस एवढ्यांची तजवीज करावी. या चार गोष्टींत काटकसर करून अधिक देखणा बोर्ड घेणारा मनुष्य जमाखर्चातही चुकतो आणि पाण्यावरही.

आणि हा बोर्ड कायमचा आपला आहे, अशी समजूत करून घेऊ नये. परतणाऱ्याची गरज एका हंगामात बदलते: पाय स्थिर होतात, हात शिडाचा भार ओळखू लागतात, आणि सहा महिन्यांपूर्वी जो बोर्ड आश्वासक वाटत होता तोच संथ वाटू लागतो, किंवा, आणि हेही तितकेच संभवनीय आहे, आपल्याला वेगाची हौस उरलेली नाही असे ध्यानात येऊन तोच बोर्ड जन्माचा सोबती होतो. पहिला संभव गृहीत धरून चालावे. म्हणून पहिला जुना बोर्ड असा निवडावा, की जो पुढे दुसऱ्या एखाद्या परतणाऱ्याला, किंवा नव्याने शिकणाऱ्या मुलीला वा मुलाला, न संकोचता विकता येईल. त्याची दुरुस्ती झाली असेल तर तिची नोंद ठेवावी, पावती जपून ठेवावी, आणि विकण्याची वेळ येईल तेव्हा आपण विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी तयार असावीत. आपल्याकडे या खेळाचे साहित्य दुर्मीळ आहे. ते माळ्यावर धूळ खात न पडता हातोहाती फिरत राहिले, तरच पुढच्या ग्राहकाला शोध कमी करावा लागेल.